दादरचा आठ नंबर आणि माझ्या १९८ फाइल्स

(भागाचं लेखी रूप. बोलताना अडखळलो ते कमी केलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय. कमांड्स मी तोंडाने जशा वाचल्या तशाच लिहिल्यात. टाइप करताना त्या अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायच्या.)

डोंबिवली फास्टमध्ये एका हाताने वरची कडी धरून ऐकत असाल तर आधी मोबाइल नीट खिशात ठेवा, मग ऐका. आजच्या भागाला स्क्रीनची गरज नाही.

आजचा विषय ऐकायला अगदी साधा आहे. एका फोल्डरमध्ये शेकडो फाइल्स आहेत, नावं वेडीवाकडी आहेत, आणि त्यांना ओळीने नंबर द्यायचेत. एक, दोन, तीन, चार. शेल स्क्रिप्ट लिहायची, पाच ओळींची, आणि काम संपलं. मी बीटेक केलंय, रोज सात-आठ तास कोड लिहितो, त्यामुळे मलाही तसंच वाटलं होतं. त्या पाच ओळींनी मी आमच्या सोसायटीचे १९८ कागद एका सेकंदात उडवले. कसे उडवले आणि काय केलं असतं तर उडाले नसते, ते आज सांगतो.

आधी दादर

सुरुवात दादरपासून करू, कारण ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

डिसेंबर २०२३ च्या आधी दादरला दोन 'एक नंबर' होते. वेस्टर्नचा एक आणि सेंट्रलचा एक. "दादरला एक नंबरवर भेटू" असं कोणी म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "कुठला? वेस्टर्नचा की आपला?" स्टेशन एक, नाव एक, जागा दोन. आपण माणसं विचारून घेतो, म्हणून चालून जात होतं.

९ डिसेंबर २०२३ पासून रेल्वेने हा घोळ मिटवला. वेस्टर्नचे १ ते ७ तसेच ठेवले आणि आपल्या सेंट्रलचे प्लॅटफॉर्म ८ पासून पुढे मोजले. जुना १ झाला ८. जुना २ आधीच बंद झाला होता, कारण एक नंबर रुंद करायचा होता. मग ३ झाला ९, ४ झाला १०, ५ झाला ११, ६ झाला १२, ७ झाला १३ आणि ८ झाला १४.

हा हिशोब लक्षात ठेवा. आजच्या भागात दोन वेळा लागणार आहे.

सोसायटीचं काम

आता माझी गोष्ट. आमची बिल्डिंग डोंबिवली पूर्वेला, ऐंशीच्या दशकातली. लिफ्ट नाही, गच्चीला गळती. अशा प्रत्येक बिल्डिंगमध्ये सध्या जे चाललंय तेच आमच्याकडेही चाललंय, रिडेव्हलपमेंट. त्यासाठी कागद लागतात. जुन्या सभांची इतिवृत्तं, सभासद नोंदवही, फ्लॅट कोणाकडून कोणाकडे गेला त्याचे ठराव. सगळं हाताने लिहिलेलं, आणि काही पानांना वाळवी लागलेली.

कमिटीने ठरवलं की सगळ्याचे फोटो काढून ठेवायचे. माझ्या बाबांनी त्यांच्या फोनवर २१४ पानं काढली. समोरच्या काकूंनी त्यांच्या फोनवर स्कॅनिंगचं एक अ‍ॅप वापरून १९८ पानं काढली. एकूण ४१२. मग सेक्रेटरी काका मला म्हणाले, "तू इंजिनियर ना रे? हे एका फोल्डरमध्ये ओळीने लावून दे. वकिलांना द्यायचंय."

मी म्हटलं, "काका, पाच मिनिटं."

दोन्ही फोनमधले फोटो केबलने लॅपटॉपवर घेतले. बाबांना म्हटलं, "आता फोनमधून उडवलेत तरी चालतील, तुमचं स्टोरेज सारखं फुल होतं." बाबांनी उडवले. गॅलरीतली कचरापेटीसुद्धा रिकामी केली. ती कशी रिकामी करायची हे मीच त्यांना महिन्याभरापूर्वी शिकवलं होतं.

पाच ओळी

स्क्रिप्ट अशी होती. मी वाचतो, तुम्ही डोळ्यांसमोर आणा.

पहिली ओळ: एन बरोबर एक. हा आपला काउंटर.
दुसरी ओळ: फॉर एफ इन स्टार डॉट जेपीजी, डू. म्हणजे या फोल्डरमधली प्रत्येक जेपीजी फाइल एकेक करून घे आणि तिला तात्पुरतं एफ म्हण.
तिसरी ओळ: एम व्ही, डॉलर एफ, आणि पुढे नवीन फोल्डरमधलं नवं नाव, तीन आकडी नंबर डॉट जेपीजी.
चौथी ओळ: एनमध्ये एक मिळव.
पाचवी ओळ: डन.

एम व्ही म्हणजे मूव्ह. युनिक्समध्ये नाव बदलायला वेगळी कमांड नाही. नाव बदलणं म्हणजे फाइल एका नावावरून दुसऱ्या नावावर हलवणं. ही कमांड १९७१ च्या पहिल्या युनिक्स मॅन्युअलपासून आहे.

मी ही स्क्रिप्ट बाबांच्या फोल्डरमध्ये चालवली. २१४ फाइल्स नवीन फोल्डरमध्ये गेल्या, ००१ ते २१४. मग काकूंच्या फोल्डरमध्ये जाऊन तीच स्क्रिप्ट चालवली. त्याही गेल्या. कुठेही एरर नाही. नवीन फोल्डर उघडला, शेवटचा नंबर २१४. आकडा ओळखीचा वाटला, मी लॅपटॉप बंद केला.

आता विचार करा. ४१२ असायला हवे होते.

दुसऱ्यांदा स्क्रिप्ट चालवली तेव्हा काउंटर परत एकपासून सुरू झाला. काकूंचं पहिलं पान ००१ झालं. ००१ तिथे आधीच होतं, बाबांचं. एम व्हीने काय केलं? बाबांचं पान काढून टाकलं आणि त्या जागी काकूंचं ठेवलं. मग ००२, मग ००३, असं १९८ वेळा. बाबांची फक्त शेवटची १६ पानं वाचली, कारण काकूंची पानं १९८ ला संपली.

दोन 'एक नंबर' होते, दादरसारखेच. फक्त इथे "कुठला?" असं विचारणारं कोणी नव्हतं.

पण माझं टर्मिनल तर विचारायचं

इथे तुमच्यातले काही जण म्हणतील, "आमच्याकडे एम व्ही विचारतं, ओव्हरराइट करू का म्हणून." माझ्याकडेही विचारायचं! म्हणूनच मी निर्धास्त होतो.

झालं असं की, मी खूप आधी माझ्या सेटिंगच्या फाइलमध्ये एलियास लिहून ठेवला होता. एलियास म्हणजे टोपणनाव. मी नुसतं एम व्ही टाइप केलं तरी शेलने ते 'एम व्ही डॅश आय' समजायचं. डॅश आय लावलं की कमांड आधी विचारते. चार-पाच वर्षं माझ्या बोटांना सवय होती की चुकलो तर मशीन थांबवेल.

पण बॅशमध्ये एलियास चालतो तो तुम्ही स्वतः टाइप करता तेव्हा. स्क्रिप्ट फाइल चालवली की तिथे एलियास लागू होत नाही. तिथे एम व्ही म्हणजे नुसतं एम व्ही. जिथे एक फाइल हलवत होतो तिथे मला विचारणा होत होती, आणि जिथे एका झटक्यात शेकडो हलवत होतो तिथे नाही.

ही गोष्ट मला माहीत नव्हती असं नाही. कुठेतरी वाचलेली होती. पण सवयीपुढे वाचलेलं आठवत नाही, हे त्या दिवशी कळलं.

आठवड्याने कळलं

कळलं कधी? वकिलांनी फोन केला तेव्हा. म्हणाले, "सुरुवातीच्या सभांची इतिवृत्तं यात दिसत नाहीत." बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "अरे, ती तर मीच काढली होती. पहिल्याच दिवशी."

मी फोल्डर उघडला, मोजलं, आणि पोटात गोळा आला.

काकूंच्या फोनमध्ये त्यांची १९८ पानं जशीच्या तशी होती, कारण काकू फोनमधून कधी काहीच उडवत नाहीत. २०१९ पासूनचे गुड मॉर्निंगसुद्धा आहेत. पण जी गेली होती ती बाबांची होती, आणि बाबांचा फोन मी साफ करून घेतला होता. फाइल परत आणणारे दोन-तीन प्रोग्रॅम चालवून बघितले. आजकालच्या लॅपटॉपमधल्या एसएसडीमध्ये उडवलेली जागा लवकरच खरोखर पुसली जाते, त्यामुळे हाती काही लागलं नाही.

मग उपाय एकच. कपाट उघडा, रजिस्टर काढा, पुन्हा फोटो काढा. मी आणि बाबा, दोन रविवार. त्याबद्दल शेवटी सांगतो. आधी जे शिकलो ते सांगतो, कारण तुमच्या फोनमध्येही असे फोल्डर असणार. बहिणीच्या लग्नाचे, आजीच्या वहीचे, कॉलेजच्या नोट्सचे.

दुसरा सापळा: उलटं मोजायचं

आता परत दादरला या. समजा ते सात प्लॅटफॉर्म म्हणजे सात फाइल्स आहेत, नावं १, ३, ४, ५, ६, ७, ८. आणि त्याच फोल्डरमध्ये स्क्रिप्टने नंबर बदलायचेत. नवीन फोल्डर नाही.

आपण सहज पुढून सुरुवात करतो. १ चा ८ करा. पण थांबा, जुना ८ अजून तिथेच आहे! तो गेला. पुढे ३ चा ९, ४ चा १०, सगळं सुरळीत. शेवटी ८ चा १४ करा. पण आता ८ या नावाने कोण बसलंय? जुना १. तो उठून १४ झाला. शेवटी बघाल तर ८ नंबर रिकामा, १४ वर जुना १, आणि जुना ८ कायमचा नाहीसा. आणि एरर? एकही नाही.

रेल्वेने पाट्या बदलल्या तेव्हा असं होण्याची भीती नव्हती, कारण पाटी बदलली तरी प्लॅटफॉर्म जागेवरच असतो. फाइलच्या बाबतीत मात्र तिच्यापर्यंत पोचायची वाट म्हणजे तिचं नाव. त्या नावावर दुसरी फाइल आणून बसवली की पहिलीपर्यंत जायला वाट उरत नाही.

उपाय सोपा आहे. नंबर वाढवायचे असतील तर मागून सुरुवात करा. आधी ८ चा १४, मग ७ चा १३, असं करत शेवटी १ चा ८. प्रत्येक वेळी पुढची जागा आधीच रिकामी झालेली असते. गर्दीच्या लोकलमध्ये उतरताना कसं, दारातले आधी उतरतात, मग आतले. उलट नंबर कमी करायचे असतील, म्हणजे मधलं एक पान काढलं आणि पुढची सगळी एकेक नंबरने खाली आणायची, तर पुढून सुरुवात करा.

आणि हे लक्षात ठेवायचं नसेल तर नवीन, पूर्ण रिकामा फोल्डर घ्या. पूर्ण रिकामा म्हणतोय. माझाही नवीनच होता, पण दुसऱ्या वेळी तो रिकामा नव्हता.

तिसरा सापळा: एक, दहा, अकरा, दोन

काकूंच्या अ‍ॅपने फाइल्सना नावं दिली होती 'स्कॅन १', 'स्कॅन २', अशी १९८ पर्यंत. विंडोजमध्ये तो फोल्डर उघडला तर क्रम बरोबर दिसतो, कारण विंडोजचा एक्सप्लोरर नावातला आकडा आकडा म्हणून वाचतो. शेल तसं करत नाही. शेल अक्षर-अक्षर बघतं. 'स्कॅन १' नंतर त्याच्या दृष्टीने येतो 'स्कॅन १०', मग १००, १०१, १०२. 'स्कॅन २' येईपर्यंत शंभराच्या वर पानं निघून गेलेली असतात.

म्हणजे माझ्या स्क्रिप्टने काकूंच्या पानांना ००१ ते १९८ नंबर दिले खरे, पण चुकीच्या क्रमाने. वकिलांनी सुरुवातीची पानं गायब असल्याचं सांगितलं, पण हे जास्त वाईट होतं. गायब असलेलं पान जाणवतं. चुकीच्या क्रमाने लावलेल्या, पण व्यवस्थित नंबर दिलेल्या पानांवर माणूस विश्वास ठेवतो.

यावर दोन गोष्टी सांगतो.

पहिली, तुम्ही नंबर देताना पुढे शून्य भरा. १ नाही, ०००१. स्क्रिप्टमध्ये त्यासाठी प्रिंटएफ नावाची कमांड आहे, 'प्रिंटएफ परसेंट शून्य चार डी'. चार म्हणजे एकूण चार आकडे, कमी पडतील तिथे शून्य. ४१२ पानांना तीन आकडे पुरतात, पण उद्या अजून कागद निघाले तर? चार ठेवा.

दुसरी, जुन्या नावात आकडा आधीच असेल तर फाइल्सना क्रम विचारूच नका. लूप आकड्यांवर चालवा. फॉर आय इन, महिरपी कंसात एक, दोन टिंबं, एकशे अठ्ठ्याण्णव. आणि आत नाव स्वतः तयार करा, 'स्कॅन', स्पेस, डॉलर आय, डॉट जेपीजी. म्हणजे शेलला कोणता क्रम आवडतो याचा प्रश्नच येत नाही. नावात स्पेस आहे, म्हणून सगळं डबल कोट्समध्ये. कोट्स विसरलात तर शेलला ती दोन वेगळी नावं वाटतात.

शून्यं भरण्यात एक गंमत आहे. तुम्ही ००८ हा आकडा नावातून काढून त्यात एक मिळवायला गेलात तर बॅश चिडतं. कारण आकड्याच्या सुरुवातीला शून्य दिसलं की बॅश तो ऑक्टल समजतं, म्हणजे आठच्या पटीत मोजलेला. तिथे ० ते ७ एवढेच आकडे असतात, ८ आणि ९ नाहीतच. ००८ ला निदान एरर येते. ०१० ला तीही येत नाही, तो गुपचूप आठ समजला जातो. म्हणून काउंटर नेहमी साधा ठेवा, १, २, ३, आणि शून्यं फक्त नाव बनवताना लावा. नावातला आकडा वापरायचाच असेल तर त्याच्या आधी दहा आणि हॅश लिहा, म्हणजे बॅश तो आपल्या नेहमीच्या दशमान पद्धतीने वाचतं.

फोनने दिलेली नावं

तुमच्यापैकी बहुतेकांकडे फोटो येतात व्हॉट्सअ‍ॅपवरून. तिथलं नाव बघा. आयएमजी, मग तारीख, मग डब्ल्यूए आणि चार आकडे. ती तारीख फोटो काढल्याची नसते, तुमच्या फोनवर आल्याची असते. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेचे फोटो मित्राने चार दिवसांनी पाठवले तर नावात चार दिवसांनंतरची तारीख. फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान होतो आणि त्याच्या आत लपलेली माहिती, म्हणजे काढल्याची वेळ वगैरे, निघून जाते. क्रम लावायचा असेल तर पाठवणाऱ्याला सांगा, "डॉक्युमेंट म्हणून पाठव." मग मूळ फाइल येते, वेळेसकट.

कॅमेऱ्यांचं वेगळंच. डिजिटल कॅमेऱ्यांसाठी ठरलेल्या पद्धतीत नावाचे शेवटचे चार आकडे ०००१ ते ९९९९ असतात. दहा हजारावा फोटो काढला की काउंटर परत ०००१ वर. लग्नात दोन दिवस फोटो काढणाऱ्याच्या कॅमेऱ्यात हे मुहूर्ताच्या वेळीच होऊ शकतं. सप्तपदीचे फोटो हळदीच्या आधी.

वाचनालयाची वही

हे सगळं झाल्यावर मी विचार करत होतो की कागदांना ओळीने नंबर देण्याचं काम आपल्याआधी कोणी केलंय. उत्तर घराजवळच होतं. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं. तेव्हा कॉम्प्युटर नव्हते, पण पुस्तकांचे ढीग होते.

ग्रंथालयांमध्ये एक वही असते, दाखल नोंदवही. पुस्तक आलं की त्याला पुढचा नंबर मिळतो, दाखल क्रमांक. तो पुस्तकावर लिहितात आणि वहीतही लिहितात, पुस्तकाचं नाव, लेखक, कुठून आलं यासकट. पुस्तक कपाटात कुठेही हलवा, हा नंबर बदलत नाही. आणि मुख्य म्हणजे पुस्तक हरवलं, फाटलं, रद्द केलं, तरी तो नंबर दुसऱ्या पुस्तकाला देत नाहीत. वहीत तशी नोंद होते आणि मोजणी पुढेच जाते.

मी माझ्या स्क्रिप्टकडे बघितलं. नंबर देत होती, पण वही ठेवत नव्हती. वापरलेला नंबर परत देत होती. कोणता फोटो कोणत्या नंबरचा झाला याची नोंद कुठेच नव्हती. ती नोंद असती तर निदान पहिल्याच दिवशी दिसलं असतं की ००१ दोनदा लिहिलंय.

आता मी कसं करतो

सगळं एकत्र सांगतो. हळू सांगतो, गाडी ठाण्याला थांबेपर्यंत होईल.

पहिलं, एम व्ही वापरायचंच नाही. सीपी वापरायचं, म्हणजे कॉपी. मूळ फोल्डरला हात लावायचा नाही. जागा जास्त लागते, लागू दे. आणि मूळ फोनमधूनही काही उडवायचं नाही, शेवटची मोजणी होईपर्यंत.

दुसरं, सीपीला डॅश एन लावायचं. म्हणजे त्या नावाची फाइल आधी असेल तर तिच्यावर लिहायचं नाही. पण डॅश एन गुपचूप सोडून देऊ शकतं, म्हणून तेवढ्यावर विसंबायचं नाही.

तिसरं, सगळ्या फोल्डर्ससाठी काउंटर एकच. बाबांची पानं २१४ ला संपली तर काकूंचं पहिलं पान २१५. सेंट्रलचा पहिला प्लॅटफॉर्म ८, तसं.

चौथं, आधी रंगीत तालीम. सीपीच्या आधी इको हा शब्द लिहायचा. मग स्क्रिप्ट काही करत नाही, फक्त काय करणार आहे ते स्क्रीनवर छापते. ती यादी वाचायची. वरची पाच, मधली पाच, खालची पाच. क्रम बरोबर आहे का? एकच नाव दोनदा आलंय का? मगच इको काढायचं.

पाचवं, वही. प्रत्येक फाइलमागे एक ओळ, जुनं नाव, टॅब, नवं नाव, दोन 'ग्रेटर दॅन' चिन्हं आणि 'नोंद डॉट टीएक्सटी'. चिन्हं दोनच द्या. एक दिलंत तर प्रत्येक वेळी वही कोरी होऊन फक्त शेवटची ओळ उरेल.

सहावं, मोजणी. आधीच्या सगळ्या फोल्डर्सची बेरीज आणि नवीन फोल्डरची संख्या सारखी आली पाहिजे. यात अजून एक चूक सापडते. काही कॅमेरे आणि स्कॅनर जेपीजी मोठ्या लिपीत लिहितात. लिनक्सला मोठी आणि छोटी अक्षरं वेगळी वाटतात, त्यामुळे 'स्टार डॉट जेपीजी'मध्ये त्या फाइल्स येतच नाहीत. मोजणी केली तर कळतं, नाही केली तर नाही.

लॅपटॉप नसेल तर अँड्रॉइडवर टर्मक्स नावाचं अ‍ॅप आहे, त्यात हेच बॅश चालतं. फक्त फोनवर पहिला प्रयोग खऱ्या फोटोंवर करू नका. एका रिकाम्या फोल्डरमध्ये दहा खोट्या फाइल्स बनवा, त्यासाठी टच नावाची कमांड आहे, आणि त्यांच्यावर करा.

दोन रविवार

आता राहिलेली गोष्ट.

पहिल्या रविवारी मी आणि बाबांनी रजिस्टर काढलं. बाबा पान उलटायचे, मी फोटो काढायचो. १९८७ च्या इतिवृत्तात पाण्याच्या टाकीवरून झालेलं भांडण होतं, बाबा मोठ्याने वाचून हसत होते. दुसऱ्या रविवारी बाकीची पानं झाली. मोजली, १९७.

एक कमी.

ते कोणतं हे शोधायला वेळ लागला, कारण वही नव्हती. शेवटी बाबांनाच आठवलं. रजिस्टरमध्ये एक सुटा कागद होता. पहिल्या मजल्यावरच्या आजींच्या यजमानांचा नॉमिनेशन फॉर्म, त्यांनी स्वतःच्या हाताने भरलेला. बाबांनी त्याचा फोटो काढून तो परत आत ठेवला होता. मधल्या काळात रजिस्टर वकिलांकडे जाऊन आलं, कमिटीत फिरलं, झेरॉक्सला गेलं. तो कागद कुठे निसटला कोणालाच सांगता येईना. कपाट, खालची फळी, सगळं बघितलं.

कायद्याच्या दृष्टीने काही अडलं नाही. नॉमिनेशनच्या रजिस्टरमध्ये नोंद आहे, १९९६ च्या सभेत फ्लॅट आजींच्या नावावर केल्याचा ठराव आहे. सेक्रेटरी काका म्हणाले, "सोड रे, काम झालं."

मी आजींना सांगायला गेलो. त्यांनी मला चहा दिला आणि म्हणाल्या, "कागदाचं जाऊ दे रे. तुझ्या बाबांनी फोटो काढलाय म्हणाले होते, तर मी म्हटलं, एक प्रिंट मागून घेऊ. ह्यांची सही माझ्याकडे दुसरी नाही. पासबुकं सगळी बँकेत जमा झाली तेव्हाच."

मी काय बोलणार? सॉरी म्हटलं. त्या म्हणाल्या, "अरे, चूक होते." आणि बिस्किटाची बशी पुढे केली.

नवीन फोल्डरमध्ये आता ०००१ ते ०४१२ आहेत. पण ०१३७ नाही. तो नंबर मी कोणाला दिला नाही. नोंद डॉट टीएक्सटीमध्ये त्या ओळीवर लिहिलंय, 'नॉमिनेशन फॉर्म, सुटा कागद, फोटो माझ्या हातून गेला'. वकिलांनी विचारलं होतं, मधला एक नंबर का सुटलाय? मी सांगितलं, तसाच राहू दे.

तर मंडळी, आजचा गृहपाठ. फोनमधला एक फोल्डर निवडा, तुमच्या घरातल्या कोणासाठी तरी महत्त्वाचा. नावं बदलायची घाई नको. आधी फक्त मोजा, आणि त्याची दुसरी प्रत कुठे आहे ते बघा. नसेल तर आज रात्रीच करा.

रंगीत तालमीत काय चुकलेलं सापडलं ते मला नक्की कळवा. पुढच्या भागात भेटू. उतरताना सांभाळून, आणि दारातल्यांना आधी उतरू द्या.